मुदत असलेला कायदा आणि मुदत नसलेला कायदा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते दादा १९७५ साली आणीबाणीत, मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. घरून आलेलं प्रत्येक पत्र आधी तुरुंगातला अधिकारी वाचायचा, मग ते त्यांच्या हाती पडायचं. तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे, म्हणून त्यावर वेळ घेत नाही. पण त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकी सिनेटची एक समिती आपल्याच सरकारच्या कपाटांतले कागद बाहेर काढत होती. आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष. परदेशी माणसांवर पाळत ठेवण्याचा अमेरिकी सरकारचा अधिकार आणि त्याला पुन्हा पुन्हा मिळणारी मुदतवाढ हा माझा आजचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात त्या समितीपासून करावी लागते.

चर्च समितीला काय सापडलं? ‘शॅमरॉक’ नावाची एक योजना सापडली. वेस्टर्न युनियन, आरसीए आणि आयटीटी या तीन बड्या तार कंपन्या अमेरिकेत येणाऱ्या आणि अमेरिकेबाहेर जाणाऱ्या तारांच्या प्रती १९४५ पासून सरकारला देत होत्या. आधी कागदी फिती, पुढे चुंबकीय फिती. न्यूयॉर्कहून माणूस निघायचा आणि ती थैली वॉशिंग्टनकडे पोहोचवायचा. भर काळात महिन्याला सुमारे दीड लाख संदेश राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे एनएसएचे, विश्लेषक डोळ्यांखालून घालत. तीस वर्षं हे चाललं आणि एकाही न्यायाधीशाची सही त्यावर नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खोल्यांत एफबीआयने लपवलेले मायक्रोफोनही याच चौकशीत उजेडात आले. चर्च यांनी तेव्हाच इशारा दिला होता, की परदेशासाठी उभारलेली ही यंत्रणा उद्या देशातल्या माणसांकडे वळवली तर लपायला जागा उरणार नाही.

या सगळ्यातून १९७८ साली ‘फायसा’ हा कायदा आला. जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. परकीय हेरगिरीच्या संशयावरून अमेरिकेत कोणाचं बोलणं ऐकायचं असेल, तर एका विशेष, गुप्त न्यायालयापुढे जायचं, तो माणूस परकीय सत्तेचा हस्तक असल्याचं सबळ कारण दाखवायचं आणि आदेश घ्यायचा. चांगला कायदा होता. पण तो अमेरिकेतल्या माणसासाठी होता. देशाबाहेरचा माणूस त्या चौकटीत मुळातच नव्हता. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्दुगो-उर्किदेझ खटल्यात सांगून टाकलं, की अमेरिकेशी पुरेसं नातं नसलेल्या परकीयाला परदेशात चौथ्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे बेकायदा झडतीविरुद्धचं, संरक्षण नाही. सांगलीत किंवा फोंड्यात बसलेला माणूस त्या कायद्याच्या दृष्टीने कुठे उभा आहे, हे एवढ्यावरून कळावं.

११ सप्टेंबर २००१ नंतर अध्यक्ष बुश यांनी फायसा बाजूला ठेवून, कुठल्याही न्यायालयाला न विचारता, पाळतीचा एक गुप्त कार्यक्रम सुरू केला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जेम्स रायझन आणि एरिक लिश्टब्लाउ यांनी १६ डिसेंबर २००५ ला तो उघड केला. सरकारच्या विनंतीवरून ही बातमी वर्षाहून अधिक काळ दाबून ठेवली होती. वृत्तपत्राच्या इतिहासातली ही गोष्ट पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली पाहिजे.

ही पाळत कशी चालायची, ते थोडं जवळून पाहू. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फॉल्सम स्ट्रीटवर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची एक इमारत आहे. तिच्या सहाव्या मजल्यावर ६४१-ए क्रमांकाची खोली होती, साधारण २४ फूट बाय ४८ फूट. मार्क क्लाइन नावाचे तंत्रज्ञ तिथे काम करत. त्यांच्या कामाची जागा एक मजला वर होती आणि काचतंतूच्या केबल्स त्यांच्या हाताखालच्या. त्यांच्या लक्षात आलं, की इंटरनेटची वाहतूक नेणाऱ्या केबल्समध्ये प्रकाश विभागणारी उपकरणं बसवली आहेत. प्रकाशाचा एक भाग नेहमीच्या वाटेने पुढे जातो आणि दुसरा, हुबेहूब तोच मजकूर घेऊन, खाली त्या खोलीत उतरतो. खोलीत जायला परवानगी होती फक्त एनएसएने तपासून घेतलेल्या माणसाला. क्लाइन निवृत्त झाल्यावर, २००६ च्या जानेवारीत, वायरिंगची कागदपत्रं घेऊन नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांकडे गेले. कंपनीवर खटला उभा राहिला. पण २००८ मध्ये संसदेने सरकारला मदत करणाऱ्या दूरध्वनी कंपन्यांना मागच्या तारखेपासून अभय दिलं आणि त्या अभयामुळे तो खटला पुढे फेटाळला गेला.

ज्या कायद्याने हे अभय दिलं त्याच कायद्याने फायसात कलम ७०२ घातलं. आजचा वाद या कलमाचा आहे.

कलम ७०२ काय म्हणतं? अमेरिकेबाहेर असलेल्या, अमेरिकी नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी नसलेल्या कोणाचाही ईमेल, फोन, संदेश, ‘परकीय गुप्तवार्ता’ मिळवण्यासाठी, अमेरिकी कंपन्यांच्या मदतीने घेता येतो. त्या माणसासाठी वेगळं वॉरंट लागत नाही. अॅटर्नी जनरल आणि राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक वर्षातून एकदा गुप्त न्यायालयापुढे प्रमाणपत्र ठेवतात आणि न्यायालय नियमावली तपासून मंजूर करतं. गावातल्या कोणत्या घराची झडती घ्यायची हे न्यायाधीशाला विचारायचं नाही, झडती घेण्याची रीत तेवढी मंजूर करून घ्यायची, असा हा प्रकार आहे. घर कोणतं, हे विश्लेषक ठरवतो. सरकारच्याच वार्षिक अहवालांनुसार २०१३ मध्ये असे ८९,१३८ जण लक्ष्य होते आणि २०२३ मध्ये २,६८,५९०. दहा वर्षांत तिप्पट.

लक्ष्य म्हणजे दहशतवादीच, असं समजू नका. ‘परकीय गुप्तवार्ता’ या शब्दांत अमेरिकेच्या परराष्ट्र व्यवहाराशी संबंधित माहितीही बसते. २०१४ च्या जूनअखेरीस ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१० सालचं एक प्रमाणपत्र छापलं. त्यात १९३ देशांची नावं होती आणि ज्यांच्यावर पाळत ठेवायला मुभा आहे अशा सहा परदेशी राजकीय संघटनाही होत्या. पाकिस्तान पीपल्स पार्टी, मुस्लिम ब्रदरहूड आणि त्यांच्याच रांगेत आपला भारतीय जनता पक्ष. दिल्लीत तेव्हा नुकतंच त्या पक्षाचं सरकार आलं होतं. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला गेला आणि हळूहळू विषय मागे पडला. त्याच्या आदल्या वर्षी एडवर्ड स्नोडेन या एनएसएच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने बाहेर आणलेल्या कागदांत २०१३ च्या मार्च या एका महिन्यात भारतातून ६.३ अब्ज माहितीचे तुकडे गोळा झाल्याची नोंद होती. सर्वाधिक माहिती जिथून गोळा झाली ते देश असे: इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि पाचवा भारत. त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री म्हणाले होते, की हे संदेशांचं वाचन नाही, संगणकाने केलेलं नमुन्यांचं विश्लेषण आहे. विरोधी पक्षही आठवडाभर बोलून गप्प झाला. पक्ष कोणताही असो, दोन्ही वेळा आपण हा प्रश्न राष्ट्राच्या मानापमानाचा केला. नागरिकाच्या हक्काचा केलाच नाही.

अमेरिकेत मात्र तो नागरिकाच्या हक्काचाच झाला, कारण परदेशी माणसाच्या पत्रव्यवहारात समोरचा माणूस अनेकदा अमेरिकी असतो. न्यू जर्सीतला मुलगा, कोल्हापुरातला त्याचा प्राध्यापक काका. काका लक्ष्य ठरला, तर पुतण्याने लिहिलेले ईमेलही गोळा होतात. ते साधारण पाच वर्षं साठ्यात राहतात. आणि मग एफबीआय त्या साठ्यात पुतण्याच्या नावाने, वॉरंट न घेता, शोध घेऊ शकते. तिथे याला ‘मागच्या दाराची झडती’ म्हणतात. एफबीआयने २०२१ या एका वर्षात अमेरिकी माणसांच्या नावांनी सुमारे ३४ लाख शोध घेतल्याचं सरकारनेच जाहीर केलं. २०२३ च्या मे महिन्यात गुप्त न्यायालयाचा एक निकाल खुला झाला, त्यात नियमबाह्य शोधांची यादी होती. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर निदर्शनं करणारे १३३ जण. अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यातले संशयित. आणि एका संसदीय उमेदवाराला देणगी देणारे १९,००० लोक, एका दमात. वेगळ्या एका प्रकरणात एनएसएच्या एका विश्लेषकाने आपलं घर भाड्याने घेऊ पाहणाऱ्यांची माहिती या साठ्यात शोधली होती. हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त धक्का याच नोंदीचा बसला. राष्ट्रद्रोह, दहशतवाद, मोठमोठे शब्द, आणि हाती सत्ता आलेला माणूस तिचा उपयोग करतो भाडेकरू पारखायला.

आता मुदतवाढीकडे येतो, कारण माझं म्हणणं तिथेच आहे.

कलम ७०२ कायमचं नाही. त्याला मुदत आहे. २०१२ च्या डिसेंबरात ओबामांनी मुदतवाढीवर सही केली. २०१८ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी सहा वर्षं वाढवली. २०२३ च्या डिसेंबरात मुदत संपत आली तेव्हा संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडून चार महिने ढकलली. आणि २० एप्रिल २०२४ ला बायडन यांनी आणखी दोन वर्षांच्या, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंतच्या मुदतवाढीवर सही केली.

त्या एप्रिलमध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहात जे झालं ते बघण्यासारखं होतं. अँडी बिग्ज हे कट्टर उजवे रिपब्लिकन आणि चेन्नईत जन्मलेल्या, डाव्या गटाच्या डेमोक्रॅट प्रमिला जयपाल एका दुरुस्तीसाठी एकत्र आले. अमेरिकी माणसाच्या नावाने साठ्यात शोध घ्यायचा तर वॉरंट घ्या, एवढीच ती दुरुस्ती. एफबीआयचे संचालक आधीपासून सांगत होते, की अशी अट म्हणजे शोधांवर बंदीच. मतदान झालं २१२ विरुद्ध २१२. बरोबरी झाली की दुरुस्ती पडते, म्हणून ती पडली. कायद्यात शोधांवर काही बंधनं आली, पण अधिकाराची व्याप्तीही वाढली. सरकारला मदत करायला ज्यांना भाग पाडता येतं त्यांची व्याख्या रुंदावली. खासदाराच्याच नावाने शोध घेतला तर त्याला कळवण्याची तरतूद मात्र खासदारांनी करून घेतली. आणि एक कलम आपल्या घरांपर्यंत पोहोचणारं आहे. अमेरिकेत जाण्यासाठी अर्ज करणाऱ्या परदेशी माणसाची पडताळणी आता या साठ्यातून करता येते. पुण्यातून एमएसला निघालेला विद्यार्थी, हैदराबादेतून एच-वन-बीवर जाणारी मराठी मुलगी, नातवंडं बघायला निघालेले आजी-आजोबा. कोणी चुकीचं लक्ष्य ठरलं होतं का, व्हिसा त्यामुळे नाकारला का, हे त्यांना कधीही कळणार नाही.

पुढे ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयाचा एक निकाल २०२५ च्या जानेवारीत खुला झाला. मागच्या दाराची झडती वॉरंटशिवाय घेणं घटनेविरुद्ध आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच महिन्यात या पाळतीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वायत्त मंडळातल्या तीन सदस्यांना नव्या सरकारने काढून टाकलं आणि मंडळाची गणसंख्याच संपली.

कोणी म्हणेल, साहेब, तुम्ही मुंबईजवळ उभं राहून हे बोलता, २६ नोव्हेंबर विसरलात का? विसरलेलो नाही. १६६ माणसं गेली. आणि हे कलम निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्फोट घडवायला निघालेला नजीबुल्ला झाझी याच कलमाखाली पाहिलेल्या, पाकिस्तानातल्या एका ईमेल पत्त्यामुळे सापडला. पण मुंबईची हकिगत नीट बघा. ‘प्रोपब्लिका’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फ्रंटलाइन’ यांनी मिळून २०१४ च्या डिसेंबरात ती छापली. लष्कर-ए-तैयबाचा तंत्रप्रमुख झरार शाह याच्या इंटरनेट वापरावर हल्ल्याआधी ब्रिटनची नजर होती. एका भारतीय यंत्रणेचीही होती. अमेरिकेला इतर मार्गांनी इशारे मिळाले होते. तीन देशांकडे तीन तुकडे होते आणि ते हल्ला सुरू होईपर्यंत जुळले नाहीत. झरार शाहसाठी कुठल्याही देशातल्या कुठल्याही न्यायाधीशाने पाच मिनिटांत वॉरंट दिलं असतं. मुंबई वाचली नाही ती न्यायाधीशाची सही आड आली म्हणून नव्हे. सुरक्षेचा हवाला देऊन हिशेबच नको म्हणणाऱ्याला हे शांतपणे दाखवून दिलं पाहिजे.

या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते असं. कलम ७०२ चा मी विरोधक आहे, पण त्यातली एक गोष्ट मला हवीशी वाटते. ती म्हणजे त्याची मुदत. मी आत्ता तुम्हाला ८९,१३८ सांगितलं, ३४ लाख सांगितलं, १९,००० देणगीदार सांगितले. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण स्नोडेनने कागद फोडले, पत्रकारांनी पाठपुरावा केला, आणि दर काही वर्षांनी सरकारला संसदेपुढे हात पसरावे लागतात. हात पसरताना वही उघडावी लागते. गुप्त न्यायालयाचा तो निकाल खुला झाला तो मुदत संपायच्या वर्षात. २१२ विरुद्ध २१२ इतकी मतं फुटली, कारण मतदान घेणं भाग होतं.

आणि आपल्याकडे? फोन टॅपिंग ज्याखाली चालत आलं तो तार कायदा १८८५ चा. ‘केसरी’ निघून तेव्हा चारच वर्षं झाली होती. १९९१ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात राजकारण्यांच्या फोन टॅपिंगवरचा सीबीआयचा अहवाल छापून आला, त्यावरून पीयूसीएल संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये निकाल मिळाला. न्यायालयाने आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची मागणी मान्य केली नाही. गृहसचिवाचा आदेश आणि अधिकाऱ्यांची आढावा समिती एवढ्यावर भागवलं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणातले टॅपिंगचे आदेशच रद्द केले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न तिथे नव्हता. या निकालाचा मला वकील म्हणून अभिमान आहे. पण २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे नियम आले तेव्हा चौकट तीच राहिली. आदेश देणारे सरकारी अधिकारी, तपासणारेही सरकारी अधिकारी. न्यायाधीश कुठेच नाही. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तर केंद्राला आपल्या यंत्रणा अधिसूचना काढून कायद्याबाहेर ठेवता येतात.

माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून दशकभरापूर्वी कळलं होतं, की केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश काढतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये हिशेब मांडला. आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तिच्यापुढे असतात. एकेका आदेशाला किती सेकंद मिळत असतील, तुम्हीच काढा. आमच्या कायद्याला मुदत नाही, म्हणून कोणाला हात पसरावे लागत नाहीत, म्हणून वही उघडत नाही.

याचा अमेरिकेशी काय संबंध, तर थेट आहे. ऑस्ट्रियातला माक्स श्रेम्स हा कायद्याचा विद्यार्थी फेसबुकविरुद्ध लढत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये त्या न्यायालयाने युरोप-अमेरिका विदा करार मोडीत काढले. कारण हेच, की अमेरिकी पाळतीविरुद्ध युरोपीय माणसाला दाद मागायला जागा नाही. मोठा व्यापार धोक्यात आला. मग बायडन यांनी ७ ऑक्टोबर २०२२ ला एक आदेश काढला आणि परदेशी माणसाला तक्रार करता यावी म्हणून एक विशेष न्यायालय उभं केलं. तोकडं आहे, तक्रारदाराला त्याच्यावर पाळत होती की नाही हेही सांगत नाहीत. पण दार आहे. ते दार कोणासाठी? अॅटर्नी जनरल ज्यांना ‘पात्र देश’ ठरवतील त्यांच्यासाठी. युरोपीय संघ आणि त्याच्या जोडीचे देश, ब्रिटन, स्वित्झर्लंड यांना ती पात्रता मिळाली. त्या यादीत भारत नाही.

पात्र ठरण्याच्या अटींत एक अट अशी आहे, की त्या देशाच्या स्वतःच्या कायद्यात अमेरिकी माणसांच्या माहितीला पाळतीपासून योग्य संरक्षण हवं. आपण काय दाखवणार? दोन महिन्यांतून एकदा बसणारी समिती? न्यायाधीशाशिवायचा आदेश? आपलं घर उघडं ठेवल्यामुळे परक्याच्या दारात उभं राहायचा हक्क आपण गमावतो आहोत. कोल्हापुरातल्या त्या काकाला आज ना मुंबईत दाद आहे, ना वॉशिंग्टनमध्ये.

दादांना शिक्षा नव्हती, स्थानबद्धता होती. तिलाही मुदतवाढ मिळत गेली, हे इथे बसलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांना सांगायला नको. म्हणून या व्यासपीठावरून माझी विनंती आहे. तुमच्या भागाचा खासदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याला पत्र लिहा, सभेत उभं राहून विचारा. भारताला त्या पात्र देशांच्या यादीत आणण्यासाठी सरकारने अमेरिकेशी बोलणी केली आहेत का? फोन टॅपिंगच्या आदेशांची वार्षिक संख्या संसदेपुढे कधी ठेवणार? आदेशावर न्यायाधीशाची सही कधी येणार? आणि या अधिकाराला तीन वर्षांची, पाच वर्षांची, हवी ती मुदत घालून दर वेळी लोकसभेत नव्याने मत मागायला सरकार तयार आहे का? उत्तर लेखी मागा, आणि मिळालं नाही तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा.